गाडी सरळ धावते का? : किरकोळ धडकेनंतरचे वाचकांचे प्रश्न

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी एकाच प्रकारच्या प्रसंगाविषयी आहेत. सिग्नलजवळ, बोळात किंवा गाड्या लावण्याच्या जागेत साधी धडक झाली, कोणाला फारसे लागले नाही, चार माणसे जमली आणि पांगली, आणि गाडी चालवतच घरी आणता आली. गाडी चालवत घरी आणता आली की मालकाला वाटते, आता फक्त फुटलेले बदलायचे आणि खरचटलेले रंगवायचे. गॅरेजमध्ये मात्र क्रम उलटा असावा लागतो : आधी गाडी सरळ आहे की नाही हे पाहायचे, आणि रंगाचा डबा सर्वांत शेवटी उघडायचा. निवडक पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. नाव न छापण्याची विनंती बहुतेकांनी केल्यामुळे कोणाचेच नाव दिलेले नाही.

प्रश्न : मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात काम करतो. दीड महिन्यापूर्वी रात्रपाळी संपवून येताना पुढच्या रिक्षाने अचानक ब्रेक लावला आणि माझ्या १०० सीसीच्या मोटारसायकलचे पुढचे चाक रिक्षाच्या मागच्या बंपरवर आदळले. वेग फार तर ताशी वीस-पंचवीस किलोमीटर असेल. गाडी डावीकडे पडली. मडगार्ड, इंडिकेटर आणि हेडलाइटचा डूम बदलून झाला, परंतु तेव्हापासून गाडी सरळ न्यायची असेल तर हँडल थोडे डावीकडे वळवून धरावे लागते. एक मिस्त्री म्हणतो की चॅसिस गेली, दुसरा म्हणतो की शॉकअपचे पाइप बदला, तिसरा म्हणतो की काहीच झालेले नाही, सवय होईल. खरे काय मानावे?

उत्तर : तिसऱ्या मिस्त्रीचा सल्ला आधी बाजूला ठेवू. वाकड्या हँडलची सवय होते हे खरे आहे, आणि तेच वाईट आहे. एकाएकी ब्रेक मारून गाडी वळवण्याची वेळ आली की हात ठरलेल्या सवयीने वळतात आणि चाक मात्र आपल्याच रेषेने जाते. चॅसिस गेल्याचा निष्कर्षही मी इतक्यात मान्य करणार नाही, कारण आपण सांगितलेल्या वेगाला समोरून बसलेल्या धडकेत बहुधा आधी शॉकअपचे पाइप मार खातात आणि चॅसिसपर्यंत गोष्ट क्वचितच जाते.

आपल्या पत्रातील एक तपशील फार उपयोगाचा आहे : गाडी डावीकडे पडली आणि हँडलही डावीकडेच वळवून धरावे लागते. पुढच्या शॉकअपचे दोन पाइप दोन ठिकाणी धरलेले असतात, वर हँडलखालच्या पट्टीत आणि खाली, गॅरेजमध्ये ज्याला ‘टी’ म्हणतात त्या भागात. ही पकड वेल्डिंगची नसते, फक्त बोल्ट आवळून आलेली असते. पडताना हँडलच्या टोकाला हिसका बसला की पाइप त्या पकडीत किंचित फिरतात आणि चाक एकीकडे, हँडल दुसरीकडे पाहू लागते. यात वाकलेले काहीच नसते. अर्थात हँडलचा दांडाच वाकला असेल तरीही डावी मूठ मागे आल्यासारखी वाटते, म्हणून सीटवर बसून मुठींकडे न पाहता वरची पट्टी आणि पुढचे चाक यांच्याकडे पाहावे. पट्टी चाकाला काटकोनात असेल तर दोष दांड्यात आहे आणि दांडा बदलला की काम संपते. पट्टीच तिरकी दिसत असेल तर पाइप पकडीत फिरले आहेत.

त्यावरचा उपाय माहितगार मिस्त्रीला अर्ध्या तासाचा आहे. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढच्या अ‍ॅक्सलचा नट, मडगार्डचे बोल्ट, खालच्या टीचे बोल्ट आणि वरच्या पट्टीचे बोल्ट सैल करावेत. मात्र हे बोल्ट अर्धा-पाऊण फेरा एवढेच सैल करायचे असतात, कारण पकड पूर्ण सुटली तर पाइप वर सरकून गाडीचे तोंड खाली येते. मग गाडीसमोर तोंड करून उभे राहावे, पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरावे आणि हँडल विरुद्ध दिशेला हिसका देऊन जागेवर आणावे. पट्टी आणि चाक काटकोनात आले की हँडलवर भार देऊन शॉकअप पाच-सहा वेळा दाबून सोडावा, म्हणजे दोन्ही पाइप मोकळेपणाने आपल्या जागी बसतात, आणि नंतर सर्व बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने, शेवटी कंपनीने दिलेल्या मापापर्यंत आवळावेत. मडगार्ड बदलून झाल्याचे आपण लिहिले आहे. नवे मडगार्ड तिरक्या पाइपांवर ओढूनताणून बसवले असेल तर तेच आता पाइपांना तिरके धरून ठेवते, म्हणून त्याचे बोल्ट सैल केल्याशिवाय हे काम नीट होत नाही.

एवढे करूनही गाडी ओढत राहिली तर दुसऱ्या मिस्त्रीचे म्हणणे तपासावे लागेल. समोरून धडक बसली की पाइप वाकतो तो सहसा खालच्या टीच्या लगेच खाली आणि मागच्या दिशेला. कारखान्यात कोणाकडे याच मॉडेलची गाडी असेलच. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून पुढचा टायर आणि इंजिन यांमधले अंतर मोजावे. आपल्या गाडीचे अंतर कमी भरले तर शंका बळावते. पाइपावर पोलादी पट्टी उभी धरून पाहिल्यास वाक असलेल्या ठिकाणी पट्टीखालून उजेड दिसतो. पाइप उतरवल्यावर तो जाड काचेवर हळूहळू लोळवावा. सरळ पाइप शांतपणे लोळतो, वाकलेला पाइप प्रत्येक फेऱ्यात एकदा उचलल्यासारखा होतो. आणखी एक खूण अशी की हँडल दाबले असता शॉकअप अडखळत खाली जातो आणि सोडल्यावर एकदम झटक्याने वर येतो.

वाक अगदी थोडा असेल, पाइपाला कुठेही सुरकुती किंवा घडी पडलेली नसेल, तर हायड्रॉलिक प्रेसवर थंडच दाबून तो काढता येतो. गॅसने तापवून मात्र कदापि काढू नये. माझ्या उमेदवारीच्या काळात मीच एका गिऱ्हाइकाचा पाइप ओळखीच्या लेथवर तापवून सरळ करून आणला होता, आणि दिसायला तो अगदी सुतासारखा सरळ झाला होता. तीन आठवड्यांत गाडी एका खड्ड्यात आदळली आणि पाइप त्याच जागी, पहिल्यापेक्षा जास्त वाकला, कारण तापवल्याने पोलाद तेथे मऊ पडले होते. क्रोमही उडाले होते आणि ऑइल सील कापले जाऊन तेल ब्रेकच्या ड्रमपर्यंत उतरले होते. आपल्या गाडीच्या वर्गातील पाइप फार महाग नसतात. वाक डोळ्यांना सहज दिसत असेल तर मी तरी प्रेसच्या भानगडीत न पडता जोडी बदलीन.

पुढचे चाक उचललेले असतानाच आणखी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने सावकाश फिरवावे. मध्यभागी, चाक सरळ असताना, ते खटक्यात बसल्यासारखे अडकत असेल तर धडकेने कोन सेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या, वाट्यांत छऱ्यांचे ठसे उमटले आहेत आणि कोन सेट बदलावा लागेल. हा खटका असेल तर बाकी सर्व सरळ असूनही गाडी रस्त्यावर किंचित नागमोडी चालते. दुसरी गोष्ट रिमची. शॉकअपला खडूचा तुकडा रिमच्या अगदी जवळ धरून चाक फिरवले की रिम कोठे बाहेर येते ते खडूच सांगतो. सर्वसाधारणपणे दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे स्पोक ओढून किंवा रिम बदलून तो काढावा लागतो.

आता चॅसिस आणि दोन्ही चाकांची रेषा. आपण टॉवेलच्या कारखान्यात आहात, तेव्हा सूत विकत आणावे लागणार नाही. एकेरी सूत ताणले की तुटते, म्हणून सहा-आठ पदर वळून घ्यावेत. दोरी मागच्या टायरच्या मागच्या बाजूने घालून तिची दोन्ही टोके, जमिनीपासून वीतभर उंचीवर, गाडीच्या दोन्ही अंगांनी पुढच्या चाकाच्याही पुढे न्यावीत. स्टँड किंवा लेगगार्ड मध्ये येत असेल तर उंची थोडी कमीजास्त करावी. दोन्ही बाजूंची दोरी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसती टेकेल इतपत ताणून धरावी आणि पुढचे चाक सरळ करावे. पुढचा टायर अरुंद असल्याने दोन्ही बाजूंना फट राहते. ही फट डावीकडे आणि उजवीकडे, तसेच टायरच्या पुढे आणि मागे, सारखी भरली तर चाके एका रेषेत आहेत. एका बाजूची फट मोठी असेल तरी लगेच चॅसिसला दोष देऊ नये. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्या नाहीत तर मागचे चाकच तिरके बसते आणि धडकेचा काही संबंध नसताना गाडी ओढू लागते. दुरुस्तीच्या वेळी चेनही ‘जाता जाता’ ताणून दिली होती का, हे आपल्या मिस्त्रीला विचारावे.

चाकांची रेषा चुकते, पाइप सरळ आहेत, चेनच्या खुणाही जुळतात, अशी स्थिती आली तरच टाकी उतरवून हँडलच्या नळीपाशी असलेले चॅसिसचे जोड पाहावेत. लोखंड वाकले की त्यावरचा रंग आधी तडकतो. वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर किंवा रंगाला पडलेली सुरकुती दिसली तर पहिल्या मिस्त्रीचे म्हणणे खरे, नाहीतर नाही. आणखी एक सांगतो, पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून. पडताना हेल्मेट रस्त्यावर आपटले असेल तर ते वरून धड दिसले तरी बदलावे, कारण आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी केलेला असतो.

प्रश्न : मी जुळे सोलापूर येथे राहतो व शिक्षक आहे. आसरा चौकात वळणाऱ्या एका मोटारीची कड माझ्या अडीच वर्षांच्या मोटारसायकलला लागली. चालकाने पाचशे रुपये हातावर ठेवले आणि तो निघून गेला. गॅरेजने ६,९०० रुपयांचा अंदाज दिला आहे. माझ्याकडे पाच वर्षांचा विमा आहे. क्लेम करावा की खिशातून खर्च करावा? क्लेम केला तर पुढचा हप्ता फार वाढतो असे सहकारी सांगतात. पुढची नंबरप्लेटही दुमडून फाटली आहे.

उत्तर : ‘पाच वर्षांचा विमा’ या शब्दांपाशी आधी थांबावे लागेल. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, परंतु तो आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग पुष्कळदा पहिल्या एकाच वर्षाचा असतो आणि त्यानंतर दरवर्षी वेगळा भरावा लागतो. तो भरायचा राहून गेला तरी हाती असलेल्या कागदावर मोठ्या अक्षरांत पाच वर्षांनंतरची तारीख दिसत राहते, आणि माणूस निर्धास्त राहतो. म्हणून पॉलिसी काढून ‘ओन डॅमेज’ या शीर्षकासमोरची मुदत वाचावी. ती संपली असेल तर आपल्या विम्यातून या दुरुस्तीसाठी काहीही मिळणार नाही.

ती चालू आहे असे धरून चालू. क्लेममध्ये बिलाची सगळी रक्कम मिळत नाही, कारण बदललेल्या भागांवर घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, कापला जातो. प्लास्टिक, नायलॉन आणि रबर यांच्या भागांवर ५० टक्के कपात होते. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात वाढत जाते आणि दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ती १५ टक्के असते. रंगकामाच्या एकूण खर्चाचा चौथा हिस्सा सामान म्हणून धरून त्याच्या निम्मी रक्कम कापतात. मजुरीवर घसारा नसतो. या सर्वांवर दुचाकीसाठी सक्तीचा १०० रुपयांचा भार मालकाने सोसायचा असतो. आपल्या ६,९०० रुपयांची फोड पत्रात नाही, म्हणून उदाहरणादाखल ती अशी धरू : प्लास्टिकचे भाग १,८०० रुपये, धातूचे ३,००० रुपये, मजुरी ९०० रुपये आणि रंग १,२०० रुपये. मग कपात अनुक्रमे ९००, ४५०, शून्य आणि १५० रुपये, शिवाय ते १०० रुपये, म्हणजे एकंदर १,६०० रुपये होते आणि कंपनीकडून ५,३०० रुपये मिळतात. घसारा माफ करणारी जादा हप्त्याची जोड (अ‍ॅड-ऑन) आपण पॉलिसीला घेतलेली असेल तर कपात याहूनही कमी होईल.

सहकारी म्हणतात तो ‘वाढलेला हप्ता’ म्हणजे वास्तविक बुडालेली सवलत असते. क्लेम न केलेल्या वर्षांसाठी नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, आणि एका क्लेमने तो शून्यावर येतो. मात्र ही टक्केवारी केवळ स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, थर्ड पार्टीच्या रकमेवर नसते, आणि दुचाकीचा हा हप्ता मुळातच लहान असतो. तो वर्षाला १,००० रुपये आहे असे धरले, तर पुढच्या वर्षी मिळणारी ३५ टक्क्यांची सवलत जाईल, म्हणजे ३५० रुपये. त्यानंतरच्या चार वर्षांत सवलत पुन्हा चढत असताना २५०, २५०, १५० आणि ५० रुपयांचे अंतर राहील. पाच वर्षांत मिळून १,०५० रुपये गेले आणि आज ५,३०० रुपये आले, असा हा व्यवहार आहे. आपल्या जागी मी असतो तर क्लेम केला असता. हेच बिल हजार-बाराशेचे असते तर खिशातून दिले असते आणि कागदपत्रांच्या मागे लागलो नसतो.

क्लेम करायचा असेल तर गाडी खोलण्याआधी कंपनीला कळवावे. पुष्कळ जण आधी दुरुस्ती उरकतात आणि मग बिल घेऊन जातात. त्या वेळी पाहणी करायला नुकसानच उरलेले नसते आणि वाद सुरू होतात. गाडीचे चारही बाजूंनी फोटो, त्यांतील एकात तरी नंबर दिसेल असा, तसेच आरसी, परवाना आणि पॉलिसी एवढे तयार ठेवावे. गॅरेजच्या अंदाजपत्रकात ‘पाइप खोलल्यावर तपासणे’ ही ओळ आवर्जून लिहून घ्यावी, कारण बाहेरून न दिसणारे नुकसान मागाहून वाढवून मागणे अवघड जाते. बदललेले जुने भाग मात्र पाहणी पूर्ण होईपर्यंत टाकून देऊ नयेत.

मोटारीच्या मालकाच्या विम्यातून भरपाई मागण्याचा हक्क आपल्याला आहे, परंतु त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते, आणि एवढ्या रकमेसाठी तो मार्ग मी सुचवणार नाही. नंबरप्लेटविषयी : १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट कंपनीकडूनच येते आणि ती न उघडणाऱ्या कुलपी खिळ्यांनी बसवलेली असते. ती ठोकून सरळ करू नये, तसेच तिच्या जागी पेंटरकडून रंगवून घेतलेली प्लेट लावू नये. अधिकृत विक्रेत्याकडे त्याच क्रमांकाची बदली प्लेट मागवावी लागते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. पुणे रस्त्यावर बाळ्याजवळ सांडलेल्या खडीवरून घसरून माझी दोन वर्षांची गाडी पडली. उचलल्यावर ती सुरूच होईना. सेल फिरत होता. टेम्पोत घालून आणली तर गॅरेजमध्ये पहिल्याच बटणाला सुरू झाली. नेमके काय झाले होते?

उत्तर : बहुधा काहीही बिघडलेले नव्हते आणि टेम्पोचे भाडे वाचले असते. फ्युएल इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत गाडी आडवी झाल्याचे ओळखणारा सेन्सर असतो. पडलेल्या गाडीचे इंजिन चालू राहू नये म्हणून तो पेट्रोल आणि ठिणगी बंद करतो. गाडी उभी केल्यानंतरही हा आदेश पुष्कळ मॉडेलांत कायम राहतो. चावी बंद करून, थोडे थांबून पुन्हा चालू केली की तो पुसला जातो. आपण रस्त्यावर चावी चालूच ठेवून बटण दाबत राहिला असाल, आणि टेम्पोत चढवताना ती सहजच बंद केली असेल.

सेलही फिरत नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा उजव्या मुठीजवळचा, इंजिन बंद करणारा लाल किल स्विच पडताना दाबला गेला आहे का ते आधी पाहावे. मग क्लच लिव्हरच्या बुडाशी असलेला लहान स्विच आणि साइड स्टँडचा स्विच पाहावा. लिव्हर वाकली की क्लचच्या स्विचवर दाब येत नाही आणि गाडी गिअरमध्ये असताना सेल गप्प बसतो. गाडी बराच वेळ आडवी पडून राहिली असेल तर सुरू केल्यावर थोडा वेळ निळसर पांढरा धूर येईल, तो एअर फिल्टरकडे किंवा सिलिंडरमध्ये गेलेल्या ऑइलचा असतो. मिनिटा-दोन मिनिटांत थांबला नाही तर फिल्टर उघडून पाहावा आणि ऑइलची पातळी तपासावी.

प्रश्न : नवी पेठेत रांगेत लावलेली माझी मोटारसायकल दुसऱ्या कोणाच्या गाडीच्या धक्क्याने डाव्या अंगावर पडली. गिअरचा लिव्हर आत वाकून इंजिनच्या झाकणाला टेकला आहे. शेजारचा मुलगा म्हणतो, लोखंडी पाइप घालून ओढला की सरळ होईल. ओढू द्यावा का? मी रोज साडी नेसून मागे बसणाऱ्या आईला घेऊन जाते, तेव्हा गाडी लवकर हवी आहे.

उत्तर : ओढू देऊ नये. लिव्हर सरळ होईल, परंतु ज्या दांड्यावर तो बसतो तो दांडा इंजिनच्या आत जातो आणि पाइप घालून दिलेला सगळा जोर त्याच्यावर येतो. दांडा किंचित वाकला तरी ऑइल सीलमधून तेल गळू लागते आणि गिअर अडकून पडतात, आणि मग दोन-अडीचशे रुपयांच्या कामासाठी इंजिनची बाजू उघडावी लागते. लिव्हरचा एक बोल्ट पूर्ण काढावा, लिव्हर दांड्यावरून ओढून घ्यावा आणि व्हाइसमध्ये धरून सरळ करावा. काढण्यापूर्वी लिव्हर आणि दांडा या दोघांवर खडूने एक सलग रेघ ओढावी, म्हणजे परत बसवताना दाता चुकत नाही. लिव्हर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर सरळ करण्याऐवजी नवाच घ्यावा. तो वाकतो तेव्हाच आतून चिरलेला असतो आणि नंतर भर रस्त्यात तुटतो.

आई मागे बसतात म्हणून साडी गार्ड मुद्दाम पाहावा. गाडी डावीकडे पडली की तो आत दबतो. तो चाकापासून पुरेसा दूर आहे, त्याचे दोन्ही बोल्ट घट्ट आहेत आणि डावे मागचे फूटरेस्ट दुमडून पुन्हा उघडते, एवढे पाहिल्याशिवाय त्यांना गाडीवर बसवू नये, मग एक दिवस रिक्षाने जावे लागले तरी हरकत नाही.

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा पुतण्या न सांगता माझी गाडी घेऊन गेला आणि सिद्धेश्वर तलावाजवळ दुभाजकाला घासली. त्याला खरचटले, दुसरे कोणी त्यात नव्हते. टाकीला मोठा पोचा पडला असून शिवणीपाशी पेट्रोल पाझरते. क्लेम करताना गाडी मी चालवत होतो असे लिहावे, असा सल्ला मिळाला आहे. टाकीला गॅस वेल्डिंग करून चालेल का?

उत्तर : असे लिहू नये. खोटी माहिती देऊन केलेला क्लेम ही फसवणूक आहे, आणि परवाना नसलेला चालक असल्याचे उघड झाले तर क्लेम तसाही फेटाळला जातो. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. गाडी आपल्या नकळत नेली हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. दुभाजकाऐवजी एखादा माणूस असता तर आज टाकीच्या पोच्याची चर्चा आपण करत नसतो. हा खर्च आपल्या खिशातून करावा आणि चावी कोठे टांगता ती जागा बदलावी.

टाकीविषयी. पाझर आहे तोवर गाडी घरात, जिन्याखाली किंवा देवघराच्या भिंतीलगत ठेवू नये. पेट्रोल काढून घेऊन, बॅटरीची वायर सोडवून ती मोकळ्या हवेत उभी करावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत उरलेली वाफ हवेत मिसळून स्फोटक होते. सोलापूरच्या मे महिन्यातील उन्हात ती आणखी वेगाने तयार होते. साबणाच्या गरम पाण्याने टाकी पुन्हा पुन्हा धुऊन, काठोकाठ पाणी भरून आणि जोडाची जागा तेवढी पाण्याबाहेर ठेवूनच जुने जाणते कारागीर टाकीवर काम करतात. ‘उन्हात वाळवली आहे, चालेल’ असे म्हणणाऱ्याकडून टाकी परत घ्यावी. पोचा सपाट भागावर असता तर बाहेरून ओढून, पुट्टी भरून, रंग देऊन काम झाले असते. आपला पोचा शिवणीवर आहे, आणि पत्रा त्या ठिकाणी दुहेरी दाबलेला असतो. तेथे घातलेला टाका इंजिनच्या थरथरीने काही महिन्यांत पुन्हा तडकतो, आणि पेट्रोल थेट गरम सिलिंडरवर टपकते.

म्हणून नवी टाकी घ्यावी, किंवा त्याच मॉडेलची जुनी टाकी भंगार बाजारातून मिळत असेल तर झाकण उघडून आत टॉर्च मारून पाहावी. आत तांबूस गंजाचे पापुद्रे दिसले तर स्वस्त असली तरी सोडून द्यावी. चांगली मिळाली तर बसवण्यापूर्वी थोडे पेट्रोल घालून खळखळून धुवावी, एक रात्र वर्तमानपत्रावर ठेवावी आणि सकाळी कागदावर डाग पडला आहे का ते पाहून मगच रंगाला द्यावी. हे सर्व उघड्या गच्चीवर किंवा अंगणात करावे आणि त्या रात्री आसपास कोणी विडी ओढणार नाही याची काळजी घ्यावी.